पाणी कमी होतं, पण थेंब दिसत नाही: जुन्या बॉक्सस्टरची कूलंट गळती कशी शोधायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2001 सालची पोर्शे बॉक्सस्टर, 2.7 लिटरचं इंजिन, गाडी असते ठाण्यात कासारवडवलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतं. खाली डाग नाही. गाडी बंद करून उतरलं की मागच्या बाजूला गोडसर वास येतो, तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नाही. एका गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि इंजिनाचं अंग यांच्यामधलं सील) गेलं असं सांगून इंजिन उतरवायचा खर्च काढून दिलाय. दुसरा म्हणतो, गळती बुजवणारी बाटली ओता आणि विसरून जा.

यातलं काहीही आत्ता करू नका. लक्षणं ऐकून माझा संशय मागच्या डिकीतल्या कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीवर जातो, पण नुसत्या संशयावर पार्ट बदलत बसलात तर या गाडीत खिसा लवकर रिकामा होतो. आधी तपासणी कशी करायची ते सांगतो.

माझं काम वागळे इस्टेटमध्ये, जुन्या जर्मन गाड्यांवर. पाणी कमी होतंय म्हणून कोणी आलं की मी आधी ‘केव्हा’ विचारतो, ‘कुठून’ नंतर. गार इंजिनाला गळतं, चालू असताना गळतं, की बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी? एवढं कळलं की शोध निम्म्यावर येतो. कारण असं, की पाणी जिथे दिसतं तिथून ते निघालेलं असेलच असं नाही. ते पाइपावरून ओघळतं, पत्र्याच्या कडेने सरकतं, वाऱ्याने मागे फेकलं जातं. वेळ मात्र सहसा फसवत नाही.

बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. एस मॉडेलला मध्ये तिसराही असतो. म्हणजे पाणी गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइपांतून पुढे जातं आणि परत मागे येतं. सगळ्या सिस्टिममध्ये 17 लिटरच्या आसपास कूलंट मावतं. साध्या हॅचबॅकला पाच-सहा लिटर पुरतं, त्यावरून अंदाज करा. जोड जास्त, हवा अडकायला जागा जास्त, आणि पंचवीस वर्षांचं प्लास्टिक.

आता वेळेचा हिशेब. इंजिन रात्रभर गार झालं आणि सकाळी थेंब दिसला, तर रबरी होजच्या टोकांवर संशय घ्यायचा. गार झालं की रबर आणि धातू दोन्ही आक्रसतात आणि ढिली क्लिप पाणी सोडते. इंजिन तापलं की तीच जागा आपोआप बंद होते, म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर काही सापडत नाही आणि मालक वेडा ठरतो. चालू गाडीत, आरपीएम वाढवल्यावर थेंब वाढत असतील तर वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. आणि गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास येत असेल, तर टाकी, तिचं झाकण किंवा वरच्या बाजूचा एखादा होज. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पण तापलेलं लोखंड आणि अॅल्युमिनियम उष्णता सोडतच राहतं. थोडा वेळ तापमान आणि दाब उलट वाढतात. अगदी बारीक चीर असेल तर ती या वेळी तोंड उघडते.

तुमच्याकडे वास बंद केल्यावर येतो आणि तोही मागे. खाली डाग का नाही, याचंही उत्तर त्यातच आहे. टाकीतून झिरपलेलं पाणी डिकीच्या गालिच्यात मुरतं, किंवा खाली एक्झॉस्टच्या आजूबाजूला पडून वाफ होऊन जातं. दिवसाला दोन-तीन मोठे चमचे असंच उडून गेलं तर लादीवर काय दिसणार?

मागची डिकी उघडा. उजव्या अंगाला दोन झाकणं दिसतील, निळं कूलंटचं आणि पिवळं ऑइलचं. त्यांच्या आसपासचा गालिचा सोडवून बाजूला करा आणि मागचा भाग हाताने चाचपा. पांढरा टिश्यू पेपर घेऊन टाकीच्या खालच्या कडेने, जोडाच्या शिवणीवरून फिरवा. ओल लागली आणि बोटांना बुळबुळीत वाटली, तर चोर सापडला. कधी ओल नसते, पण पांढरट किंवा गुलाबीसर खार धरलेला असतो. तोही तितकाच पक्का पुरावा. खालून बघायचं तर मागच्या उजव्या चाकाच्या पुढचा भाग टॉर्च मारून बघा.

इथे आपल्याकडची एक गोची आहे. बॉक्सस्टर ही कापडी छताची गाडी. छताचं पाणी वाहून न्यायच्या नळ्या पानांनी आणि चिखलाने तुंबल्या की पावसाळ्यात पाणी आत येतं. जुलै महिन्यात ठाण्यात गालिचा ओला आहे म्हणून कूलंट गळतंय असं म्हणणं धाडसाचं. पावसाचं पाणी बुळबुळीत नसतं, त्याला गोड वास नसतो आणि पंखा लावला की ते वाळतं. कूलंटमधलं ग्लायकॉल वाळता वाळत नाही, गालिचा चिकट राहतो. सीटखालचा गालिचा ओला असेल तर मात्र पावसाचं पाणी असलं तरी दुर्लक्ष करू नका. सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल युनिट सीटखाली असतो. तो भिजला तर गाडी सुरूच होणार नाही आणि खर्च टाकीच्या कितीतरी पुढे जाईल. आणि केबिनच्या पुढच्या भागाखाली स्वच्छ, बिनवासाच्या पाण्याचं थारोळं दिसलं तर ते एसीचं पाणी. दमट हवेत ते भरपूर पडतं. त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही.

नजरेने काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं आणि त्याचा भाजलेला डाग लवकर जात नाही. झाकणाच्या जागी टेस्टरचा अॅडॉप्टर बसवायचा आणि हातपंपाने साधारण 1 बार दाब द्यायचा. झाकणावर छापलेल्या आकड्याच्या वर कधीही जायचं नाही. मग वीस मिनिटं थांबायचं. बहुतेक गॅरेजवाले इथेच घाई करतात, दोन मिनिटं काटा बघतात आणि ‘ओके आहे’ म्हणून मोकळे होतात. पंधरा दिवसांत अर्धा लिटर ही गळती दोन मिनिटांत काट्यावर दिसणारी नाही. थांबा, टॉर्च घेऊन फिरा, डिकीत बघा, खाली बघा, पुढच्या चाकांच्या आत बघा. तरीही काही नसेल तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून चार-पाच दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. सोसायटीचा वॉचमन विचित्र नजरेने बघेल, पण डाय जिथून बाहेर आला तिथे हिरवट चमकतो.

टाकीचं झाकण बहुतेक जण विसरतात. त्याचं काम फक्त तोंड बंद करणं नाही, दाब धरून ठेवणं हे आहे. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 1 बार जादा दाबाखाली 120 अंशांच्या आसपास. झाकणाच्या आतली रबरी रिंग कडक झाली की कुकरची शिटी झिजल्यासारखं होतं: वाफ निघत राहते, आत दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि थोडं थोडं बाहेर जातं. बॉक्सस्टरच्या या झाकणात पोर्शेने अनेकदा सुधारणा केल्या. पार्ट नंबरच्या शेवटी 04 असलेलं झाकण घ्या. तुमच्या गाडीवर त्याहून लहान आकडा असेल तर गळती असो-नसो, बदलून टाका. या गाडीत एवढं स्वस्त काम दुसरं क्वचितच निघेल.

आणि टाकी? ती बदलायचीच असते, दुरुस्त करायची नसते. एम-सील लावलेल्या, गरम इस्त्रीने वितळवून जोडलेल्या, वर सिलिकॉन थापलेल्या टाक्या माझ्याकडे येतच असतात. चीर पडली म्हणजे ते सगळं प्लास्टिकच ठिसूळ झालेलं असतं. एक जागा बुजवली की शेजारी दुसरी फुटते. कुर्ल्याच्या बाजारात जुनी टाकी मिळाली म्हणून खूश होऊ नका, तिचंही वय तुमच्या टाकीएवढंच. नवी घ्या आणि शिवण नीट पाहून घ्या, कारण बाहेरच्या कंपन्यांच्या काही टाक्यांना कडेला बारीक छिद्रं असतात. बसवण्याआधी बाकीची तोंडं बंद करून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि तोंडाने जोरात फुंका. बुडबुडे बादलीत दिसलेले परवडले.

टाकी काढणं अवघड नाही, किचकट आहे. काही पाइप वरून सुटतात, खालच्यांसाठी गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावाच. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर हे काम तिथे करूच नका. पाणी काढाल तेव्हा खाली पसरट टब ठेवा आणि एक थेंबही लादीवर राहू देऊ नका. कूलंट चवीला गोड असतं, भटकी कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉल त्यांच्या जिवावर उठतं.

होजना मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर त्याच परत लावा. स्क्रूच्या क्लिपा आकर्षक वाटतात, पिळल्यावर घट्ट बसल्याचं समाधानही मिळतं. पण रबर आक्रसलं की त्या आपणहून आवळत नाहीत आणि जास्त पिळल्या तर होज कापतात. सकाळच्या थेंबांचं मूळ बऱ्याचदा मागच्या मेकॅनिकने हौसेने लावलेली स्क्रूची क्लिप असते.

आता वॉटर बॉडी. या इंजिनात ती पुढच्या तोंडाला, म्हणजे तुमच्या सीटच्या पाठीमागे असते. सीटमागचा गालिचा आणि पत्र्याचं झाकण काढलं की पट्टा आणि पुली समोर येतात. टेन्शनरवर, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीवर, 24 चा पाना लावून पट्टा उतरवा, वॉटर बॉडीची पुली हातात धरून हलवा. खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग चाललं. खाली छोट्या भोकातून वाळलेल्या पाण्याची रेघ उतरलेली दिसली तर सील गेलं. मूळ वॉटर बॉडीतला पंखा प्लास्टिकचा असतो आणि तो तुटला की त्याचे तुकडे इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत जाऊन अडकतात. म्हणून काहीजण लोखंडी पंख्याची वॉटर बॉडी घालतात. मी घालत नाही. बेअरिंग झिजून पंखा सरकला तर प्लास्टिक स्वतः तुटतं, लोखंड मात्र इंजिनाचं अॅल्युमिनियमचं अंग खरवडतं. माझ्या मते प्लास्टिकचीच घ्यावी आणि वेळच्या वेळी बदलावी. नवी बसवताना 6 मिमीचे बोल्ट 10 न्यूटन-मीटरवर, टॉर्क रेंचनेच. हाताच्या अंदाजाने एक बोल्ट आत तुटला तर तो काढायचा खर्च वॉटर बॉडीपेक्षा जास्त होईल. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, तिथेच शेजारी आहे आणि पाणी काढलेलंच आहे, तोही याच फेरीत बदला.

पुढच्या रेडिएटरकडे तुमची लक्षणं बोट दाखवत नाहीत, तरी बंपरच्या तोंडात टॉर्च मारून बघाच. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पानं, पिशव्या, धूळ जमते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची आणि डंपरची धूळ सोबत आहेच. हा कचरा पावसाळाभर ओला राहतो आणि अॅल्युमिनियम खालच्या कोपऱ्यातून कुरतडत जातो. बंपर काढून मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने साफ करा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पाती आडवी पडतात आणि हवा जायची बंद होते.

हेड गॅस्केटचं म्हणाल, तर इंजिन उतरवायच्या आधी दोन स्वस्त तपासण्या आहेत. पहिली, टाकीच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. दुसरी, टाकीत आणि ऑइलमध्ये दुधाळ लगदा आहे का ते बघणं. या इंजिनात गॅस्केटपेक्षा हेडला तडा जाण्याची उदाहरणं जास्त आहेत. पण त्याच्याही आधी ऑइल कूलर तपासायचा असतो. तो इंजिनावर बसलेला पाणी-ऑइलचा छोटा डबा. तो आतून फुटला तरी ऑइल पाण्यात मिसळतं, आणि तो बदलायला इंजिन उघडावं लागत नाही. ज्यांनी तुम्हाला हेड गॅस्केट सांगितलं त्यांनी यातलं काय केलं, ते विचारा. काहीच केलं नसेल तर त्यांचं निदान कागदावरच राहू द्या. आणखी एक: फक्त ऑइलच्या झाकणाखाली, नळीच्या तोंडाशी पिवळसर साय दिसली तर घाबरू नका. पावसाळ्यात मानपाड्यापर्यंत जाऊन परत येण्याएवढ्या छोट्या फेऱ्या झाल्या की ऑइल पुरेसं तापत नाही आणि दमट हवेतली वाफ तिथे थंड होऊन साय धरते. एकदा तासभर मोकळ्या रस्त्याने चालवा आणि परत बघा.

गळती बुजवणारी बाटली या गाडीत नकोच. ती चीर बुजवते की नाही हा वेगळा प्रश्न, पण हीटरची जाळी, हवा काढायच्या बारीक नळ्या आणि रेडिएटरच्या अरुंद वाटा हमखास बुजवते. बाटलीने चार महिने मिळतील आणि नंतर सगळी सिस्टिम धुऊन काढावी लागेल.

पाणी कोणतं भरायचं? बोअरचं आणि टँकरचं अजिबात नाही. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि पोर्शेला चालेल असं लाँग लाइफ कूलंट, निम्मं-निम्मं. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, नुसतं पाणी चालेल’ असं म्हणणारे भेटतील. कूलंटचं इथलं काम गोठू न देणं नसून गंज रोखणं आणि उकळबिंदू वर नेणं हे आहे. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा गुलाबी वेगळा. आत आधी काय आहे ते माहीत नसेल तर वरून भर घालण्यापेक्षा पूर्ण काढून, धुऊन नवीन भरा.

भरणं हेच या गाडीतलं अर्धं काम आहे. निळ्या झाकणाजवळ हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो, त्याची तारेची कडी वर उचलून ठेवायची. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर. हळूहळू भरायचं, इंजिन चालू करून तापू द्यायचं, अधूनमधून आरपीएम वाढवायचा, पातळी उतरेल तशी भर घालायची. एकाच बाजूचा रेडिएटर गरम आणि दुसरा गार लागला, किंवा हीटरमधून थंड हवा आली, तर आत हवा अडकलेली आहे. व्हॅक्यूमने भरायचं यंत्र ज्याच्याकडे आहे अशा गॅरेजमध्ये हे काम करून घेतलंत तर उत्तम. सिस्टिममधली हवा आधी खेचली जाते आणि कूलंट स्वतः आत ओढलं जातं. वर आणखी एक फायदा: खेचलेला व्हॅक्यूम टिकला नाही तर गळती अजून शिल्लक आहे हे भरण्याआधीच कळतं.

तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. 80 च्या आसपास तो बराच वेळ निवांत उभा असतो आणि खरं तापमान त्याहून वर गेलेलं असतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं यंत्र) लावून आकडा बघा. शंभराच्या जरा पुढे-मागे जाऊन पंखे लागल्यावर खाली येत असेल तर ठीक. एसी चालू केला की पुढचे दोन्ही पंखे कमी वेगाने फिरायला हवेत. फिरत नसतील तर बहुतेकदा त्यांचे रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी ठेवणारे भाग, जळलेले असतात. मीटरमधला तापमानाचा दिवा हळूहळू मिचकावू लागला तर पाणी कमी आहे. मात्र टाकीतला सेन्सर खराब झाला तरी तो मिचकावतो, म्हणून पातळी डोळ्यांनी बघा.

काम झाल्यावर दोन रस्त्यांवर घ्या. एकदा संध्याकाळी कापूरबावडी ते कासारवडवली, थांबत-थांबत. एकदा सकाळी लवकर ऐरोलीमार्गे वाशी आणि तिथून पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत, एकसारख्या वेगाने. फक्त गर्दीत तापत असेल तर पंखे बघा. मोकळ्या रस्त्यावर तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही: वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर. दोन्हीकडे आकडा स्थिर राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघून टाकीवर मार्करने खूण करा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत उरलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, तेवढी भर घाला. त्यानंतर खूण उतरायला नको.

टाकी आणि झाकण एकाच ऑर्डरमध्ये मागवा, बाहेरून यायला वेळ लागतो. तोवर गाडी चालवायची असेल तर जवळपासच चालवा, दर वेळी गार असताना पातळी बघा, आणि मिसळून ठेवलेल्या कूलंटचा कॅन पुढच्या डिकीत ठेवा. वाटेत तापमान चढलंच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. तासभर तरी झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जायचा तो बहुतेक तेव्हाच जातो, आणि मग त्या पहिल्या गॅरेजवाल्याचा अंदाज खरा ठरेल.